दीड लाखात भरवशाचं काय मिळतं?

परवा आमच्या जुन्या कंपनीतल्या मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न येऊन पडला. "पहिलंच पिस्तूल घ्यायचं आहे. बजेट दीड लाख. आधी कधी चालवलेलं नाही. भरवशाचं आणि कमी मेंटेनन्सचं कुठलं घ्यावं?" वॉशिंग मशीन घ्यायचं असतं तर हाच माणूस "फ्रंट लोड की टॉप लोड" असं विचारत आठवडाभर डोकं खाऊन बसला असता. इथे दहा मिनिटांत धडाधड उत्तरं आली. "ग्लॉक घे डोळे झाकून." "नको रे, बेरेटा." ही उत्तरं देणाऱ्यांपैकी एकानेही जत्रेतले फुगे सोडून आयुष्यात कशावर नेम धरलेला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. डोळे झाकून पिस्तूल घ्या म्हणे!

मित्राची बाजू आधी सांगतो, कारण ती खोटी नाही. त्याने कर्जत-मुरबाड रस्त्याला, कडावच्या पुढे एनए प्लॉट घेऊन छोटंसं घर बांधलंय. सोमवार ते शुक्रवार ठाण्यात, शनिवार-रविवार तिकडे. मागच्या महिन्यात शेजारच्या फार्महाऊसमधून पंप, केबल आणि इन्व्हर्टरची बॅटरी गेली. तेव्हापासून वहिनी म्हणतात, मी मुलांना घेऊन तिथे रात्री राहणार नाही. माणसाने कर्ज काढून घर बांधलं आणि घरातलं माणूसच तिथे राहायला तयार नाही. त्याला भीती वाटली तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मी त्याला ग्रुपवर उत्तर दिलं नाही, कारण तिथे नीट लिहिता आलं नसतं. म्हणून हा शनिवार खर्ची घालतोय.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ते न देता नुसतं प्रवचन झोडलं तर तुम्ही वाचायचं सोडून द्याल, आणि बरोबरच कराल.

ग्लॉक, बेरेटा वगैरे विसरा. नऊ मिलिमीटर हा आपल्याकडे 'निषिद्ध बोअर' आहे. .३८, .४५५ हेही तसेच. सर्वसामान्य परवान्यावर हातात येतं ते मुख्यतः .३२ किंवा .२२. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून साध्या परवानाधारकासाठी आयात जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बाजारात जी विलायती पिस्तुलं फिरतात ती बहुतेक जुनी आहेत, हातोहात विकली गेलेली आहेत आणि वयाच्या मानाने भलतीच महाग आहेत. आजोबांच्या वयाचं यंत्र, स्प्रिंग कधी बदलली ठाऊक नाही, सुटे भाग मिळत नाहीत. आपण असला सर्व्हर प्रॉडक्शनला लावू का?

मग उरतो देशी माल. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर वर्षानुवर्षं विकलं जातंय. २०१४ मध्ये खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' आलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातल्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, जुन्या मॉडेलसारखं सगळं रिव्हॉल्वर मधून मोडावं लागत नाही. पिस्तुलात .३२ चं 'अशनी' आहे. आणि हो, .३२ पिस्तुलाची गोळी वेगळी, .३२ रिव्हॉल्वरची वेगळी. आकडा एक दिसला म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

नवशिक्याने या दोनांत काय घ्यावं? रिव्हॉल्वर. कारण साधं आहे. पिस्तुलाचं मॅगझिन काढलं की नवशिक्याला वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी चेंबरमध्ये बसलेलीच असते. "रिकामंच आहे रे" म्हणत झालेले जगभरातले कितीतरी अपघात या एका गोळीचे आहेत. रिव्हॉल्वर उघडलं की सगळी भोकं डोळ्यांसमोर असतात. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा घोडा ओढला की पुढची समोर येते. पिस्तुलात मात्र ती अडकलेली गोळी हाताने स्लाइड मागे ओढून बाहेर काढावी लागते, तीही रात्री, घाबरलेल्या हातांनी. म्हणजे नवं कोरं, देशी, .३२ चं रिव्हॉल्वर. हातातून पडलं तर उडू नये म्हणून आत हॅमरला अडवणारा भाग आहे की नाही, हे विचारून घ्या. मिळालं उत्तर. बजेटमध्येही बसेल.

आता हे उत्तर मला का आवडत नाही ते सांगतो.

भरवसा म्हणजे काय? आपल्या धंद्यात आपण कुठल्याही एका डब्याच्या भरवशाला भरवसा म्हणत नाही. डिस्क कितीही भारी असली तरी बॅकअप कोण घेतो, रात्री अलार्म वाजल्यावर उठतो कोण, पासवर्ड कुठे ठेवलाय, हे सगळं मिळून सिस्टीम होते. पिस्तुलाची सिस्टीम म्हणजे पिस्तूल अधिक तुम्ही, अधिक अंधार, अधिक कपाट, अधिक घरातली मुलं. यातला सगळ्यात कच्चा भाग कानपूरला बनलेला नाही. तो ठाण्याहून शुक्रवारी रात्री दमून आलेला, दोन बिअर प्यालेला असा आहे. :-)

आकडे हवेत? अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधा हिशोब मांडला. हातात सुरी असलेला माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढाच वेळ तयारीच्या पोलिसाला कमरेचं हत्यार काढून झाडायला लागतो. तयारीच्या पोलिसाला! तुमचं रिव्हॉल्वर कुलुपात, गोळ्या दुसऱ्या कुलुपात (मुलं असलेल्या घरात तसंच असायला हवं), चष्मा उशाशी, आणि फार्महाऊसचा हॉल आहे पंधरा फुटांचा. कुलूप लावलं तर वेळेवर मिळत नाही, नाही लावलं तर मुलांच्या हाती लागतं. हा प्रश्न जास्त महागडं मॉडेल घेऊन सुटत नाही.

आणि पाच दिवसांचं काय? हा मुद्दा मला ग्रुपवर एकानेही काढलेला दिसला नाही. आपण वीकएंडवाले. सोमवार ते शुक्रवार ते घर रिकामं असतं, आणि पंप गेला तोही अशाच रिकाम्या घरातून. मग रिव्हॉल्वर तिथे ठेवणार? म्हणजे चोराला पंपापेक्षा भारी माल आयता दिलात. दर शुक्रवारी सोबत नेणार? कर्जत लोकलच्या गर्दीत, की एक्स्प्रेसवेवर फूड मॉलला थांबताना गाडीच्या डिकीत? चोरीला गेलं तर पोलिसांच्या खेपा तुम्हाला, आणि त्या हत्याराने पुढे जे होईल ते आयुष्यभर तुमच्या डोक्यात. शिवाय परवाना राहत्या पत्त्यावर मिळतो. पत्ता ठाण्याचा तर अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे, अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आलं, पोलीस चौकशी आली, आणि जिवाला खरोखर धोका आहे का, हा प्रश्न आला. "शेजारचा पंप गेला" हे त्याचं उत्तर होईल का, तुम्हीच ठरवा.

बरं, समजा मिळालं, आणि समजा चोर आला. केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत तर काय? स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात भक्कम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याच्यावरच आहेत. पण त्याचा गाभा एकच आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. गरज किती होती हे अंधारात, अर्ध्या सेकंदात तुम्ही ठरवायचं, आणि ते बरोबर होतं का हे कोर्टाने भर उजेडात, कित्येक वर्षं.

परवान्याच्या बंदुकीची गोळी शेवटी कुणाला लागते, हे पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही. २२ एप्रिल २००६ च्या सकाळी वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या त्या सख्ख्या धाकट्या भावाने. पिस्तूल .३२ चं, परवान्याचं. ३ मे ला महाजन गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर-बोरिवली भागात अभिषेक घोसाळकरांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं पोलिसांनी सांगितलं. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदा घरातून निघायच्या तयारीत होता आणि स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी त्याच्या डाव्या पायात घुसली. यातल्या एकाही गोष्टीत दरोडेखोर नाही. भाऊ आहे, ओळखीचा माणूस आहे, आणि स्वतःचा पाय आहे.

चौथी गोष्ट आपण बोलत नाही. कॅलिफोर्नियात २ कोटी ६० लाखांहून जास्त प्रौढांचा बारा वर्षांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट होतं, स्त्रियांत पस्तीसपट. बंदूक माणसाला दुःखी करते असं नाही. पण वाईट रात्र सगळ्यांवरच येते. हाताशी साधन नसेल तर ती बरेचदा निघून जाते आणि सकाळी कुणीतरी चहा विचारतं. बंदूक ती सकाळ होऊ देत नाही. आपल्या क्षेत्रात सध्या किती जणांच्या अशा रात्री चालू आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता स्वतःचं सांगतो. हे सगळं मी पुस्तकं वाचून शहाणा झालो म्हणून लिहीत नाहीये.

आमचं घर कर्जत-चौक रस्त्याला, खालापूर तालुक्यात. दोन खोल्या, वर पत्रा. व्हरांड्यातून इर्शाळगड दिसतो. दोन पावसाळ्यांपूर्वी मीही अर्जाची कागदपत्रं जमवत होतो, फोटो काढून झाले होते. त्याच दिवसांत एका रात्री अडीचच्या सुमाराला मागचं दार कुणीतरी हलवतंय असं वाटलं. वीज गेलेली. पाऊस असा की पत्र्याखाली शेजारी झोपलेल्या माणसाचंही ऐकू येऊ नये. बायकोला खुणेनेच आतल्या खोलीत पाठवलं आणि गवत काढायचा कोयता घेऊन दाराआड उभा राहिलो. दार पुन्हा हललं. कडी जुनी, ती निसटणार हे दिसत होतं. मी मनाशी ठरवलं होतं. दार उघडलं की पहिला घाव मी घालणार. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. बरोबर वाटत होतं. आज त्या 'बरोबर'चीच जास्त भीती वाटते.

कडी निसटली. कोयता वर गेला. आणि जिथे माणसाचं डोकं असेल असं मी धरून चाललो होतो, तिथे कुणीच नव्हतं. डोकं बरंच खाली होतं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा, नखशिखांत भिजलेला. पलीकडच्या ठाकरवाडीतला, आमच्या राखणदाराचा पुतण्या.

"शेठ, आयला पान लागलंय. गाडी काढा ना."

मला आधी कळलंच नाही. पान लागणं म्हणजे साप चावणं, हे आमच्या शहरी मराठीत कुठे आहे! तो समोरच्या दारावर किती वेळ हाका मारत होता, आणि मी पावसाच्या आवाजात त्याचा दरोडेखोर करून बसलो होतो. पुढचं थोडक्यात सांगतो. गाडी काढली, चिखलातून ढकलली, त्याच्या आईला कर्जतला सरकारी दवाखान्यात पोचवलं. वेळेत इंजेक्शन मिळालं. ती वाचली, आता दिसली की हसते.

कोयता वरून खाली यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मला पोराची उंची दिसली. रिव्हॉल्वर असतं तर मी दार उघडेपर्यंत थांबलोच नसतो. माणसाच्या छातीच्या उंचीवर, बंद दारातूनच झाडली असती. ती उंची म्हणजे त्या पोराचं कपाळ. रिव्हॉल्वर उत्तम चाललं असतं. अडकलं नसतं, फुसकं निघालं नसतं. शंभर टक्के भरवशाचं.

दुसऱ्या दिवशी अर्जाचे कागद चुलीत घातले.

आता काही जण म्हणतील, पोलीस वेळेवर येतात का? ११२ लावला तरी घाटाखालच्या वाडीत गाडी यायला वेळ लागणारच. खरं आहे. पण म्हणूनच तिथे पहिली मदत शेजारी असते, आणि शेजाऱ्यांशी आपलं नातं काय? कंपाउंड, सीसीटीव्ही आणि 'आत येऊ नये'. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं चढेनात, माणसं पायी चढून हाताने ढिगारा उपसत होती. या भागात रात्री येणारं संकट बहुतेक वेळा असं असतं: दरड, साप, पूर, प्रसूती. त्यातल्या कशावर गोळी झाडणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १८७८ चा हत्यारबंदीचा कायदा इंग्रजांनी आपल्याला नामर्द करायला आणला, गोऱ्यांना त्यातून सूट होती, मग स्वतंत्र देशात नागरिकावर अविश्वास का? इतिहास बरोबर आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळ्यांनीच मारले गेले. पण कोतवालांच्या आझाद दस्त्याने इंग्रजांना जेरीला आणलं ते मुख्यतः विजेचे मनोरे पाडून, आणि ते महिनोन्‌महिने डोंगरात टिकले ते वाड्यावस्त्यांनी भाकरी पोचवली म्हणून. त्यांची ताकद कमरेला नव्हती, माणसांत होती. आपण त्यांचं नाव घ्यायचं आणि त्याच वाड्यांमधल्या पोरांच्या भीतीने रिव्हॉल्वर घ्यायचं, हे काही जुळत नाही. आणि हळदीत नाचताना हवेत बार काढणाऱ्यांनी तर स्वातंत्र्याच्या गप्पा मारूच नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी खाली येते, एवढं शाळेत शिकवतात.

तर मित्रा, दीड लाखात काय घ्यावं? मागचं-पुढचं दार चांगलं लाकडी कर, आतून अडसर लाव. पंपाला लोखंडी पिंजरा आणि सोलरचा दिवा. राखणदाराचा पगार वाढव आणि वेळेवर दे. गावठी कुत्र्याची दोन पिल्लं आण, कुठल्याही सेन्सरपेक्षा आधी भुंकतात. वाडीतल्या चार घरांचे फोन नंबर घे आणि तुझा त्यांना दे. दारावर कुणी आलं तर आतून ओरडून विचार, कोण आहे म्हणून. मी विचारलं नव्हतं.

आणि तरीही हाताला पिस्तुलाची खाज असेलच, तर ती वाईट नाही. मलाही होती. ठराविक ताकदीच्या आतल्या, .१७७ च्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. पनवेलला सुमा शिरूर शिकवतात, ज्यांनी २००४ मध्ये एअर रायफलला ४०० पैकी ४०० मारले होते. कर्जतहून पनवेल फार लांब नाही. दहा मीटरवर ११.५ मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ असतं. उजेड भरपूर, समोर कागद, कुणी अंगावर येत नाही, घाई नाही. साठ गोळ्यांत किती त्यात जातात ते मोज. मी पहिल्या दिवशी मोजल्या होत्या. आकडा सांगत नाही, लाज वाटते.

पण त्या दिवशी कागदावर दहा मीटरवरून जे हात थरथरत होते, तेच हात त्या रात्री दाराआड होते. नवशिक्याचं पहिलं पिस्तूल म्हणून मी हवेचं सुचवतो ते एवढ्यासाठीच.

असो. पाऊस उघडलाय, पोरगा खाली येऊन उभा आहे. त्याला गणितात काहीतरी अडलंय म्हणे. उरलेलं पुढच्या शनिवारी.